निखाऱ्यावरचं पाखरू

मराठवाड्यात कोंबडी रस्स्यात शिजते. भोकरदन तालुक्यातल्या हसनाबादला असो, जालन्याला असो, की इथली मुलं शिकायला जातात त्या छत्रपती संभाजीनगरातल्या भाड्याच्या खोलीत असो, कोंबडी आणली म्हणजे तिचं काय करायचं हे कुणाला विचारावं लागत नाही. कांदा आणि सुकं खोबरं विस्तवावर काळपट होईपर्यंत भाजायचं, अद्रक, लसूण, कोथिंबिरीबरोबर पाट्यावर वाटायचं, काळा मसाला तेलात सोडायचा, तुकडे परतायचे आणि तांब्या-तांब्यानं गरम पाणी ओतत भगुनं भरायचं. त्यात भाकरी चुरायची. हे जेवण मला अतिशय प्रिय आहे आणि या पुस्तकात त्याच्याविरुद्ध एक शब्दही नाही. पण त्याच कोंबडीचं आणखी एक जेवण आपल्या अंगणात होऊ शकतं. त्याला लागणारं जवळजवळ सगळं आपल्या शेतात, परसात आणि हातात आहे. तरी आपण ते करत नाही, याची रुखरुख मला फार दिवस आहे. लहानसा पक्षी, अख्खा, हिरव्या पाल्यात मुरवून, कोरड्या आचेवर भाजलेला. या पुस्तकाचा विषय एवढाच.

तो आपण करत नाही याचं कारण चवीत सापडत नाही, हिशेबात सापडतं. एकत्र घरात दहा-बारा ताटं असायची आणि कोंबडी एक, तीही कधीमधी. रस्सा हा त्यावरचा न्यायाचा तोडगा होता. ज्याच्या ताटात तुकडा आला नाही, त्याच्याही भाकरीला कोंबडीची चव लागायची. अचानक दोन माणसं वाढली तर दोन तांबे पाणी वाढायचं. दर्ग्यावरच्या कंदुरीला अख्खी वाडी जेवते तीही याच हिशेबावर. भाजलेल्या पक्ष्यात असं काही वाढवता येत नाही. उलट भाजताना त्याच्या वजनाचा पाव हिस्सा वाफेत आणि गळणाऱ्या चरबीत निघून जातो. ज्या घरानं पिढ्यान्‌पिढ्या माणसं मोजून कोंबडी कापली, त्या घराला कोरडी भाजलेली कोंबडी उधळपट्टी वाटली असेल, तर ते बरोबरच होतं.

आता ताटं कमी झाली आहेत. गावातसुद्धा नवरा-बायको, दोन लेकरं आणि एखादी आजी एवढंच घर रात्री जेवायला बसतं. धाकटा पुण्याला, थोरला जालन्याच्या कारखान्यात. चार ताटांसाठी मोठं भगुनं चढवायचं आणि दुसऱ्या दिवशी शिळा रस्सा संपवत बसायचं, असं अनेक घरांत चालतं. अशा घराला लहान पक्षी सोयीचा असतो: एका माणसाला एक बटेर, किंवा तिघा-चौघांना एक तरणा कोंबडा. घर बदललं तसा हिशेबही बदलला, एवढं ध्यानात घेतलं की पुढची वाट सोपी आहे.

कारण भाजणं आपल्याला नवीन नाही. खरं तर कोरड्या आचेची जाण मराठवाड्याइतकी फार थोड्या मुलखांना असेल. हिवाळ्यात रब्बी ज्वारी चिकात आली की शेतात खड्डा खणून गोवऱ्यांची आगटी पेटते. धूर संपून राख पांढरी दिसू लागली की कणसं आत खोचली जातात. कणीस किती वेळ ठेवायचं, कधी फिरवायचं, दाणा करपण्याआधी कधी काढून चोळायचा, हे सांगणारा माणूस कुठल्या पुस्तकातून शिकलेला नसतो. रोडगे तसेच. कणकेचा जाडजूड गोळा बाहेरून कडक आणि आतून पूर्ण शिजलेला हवा, म्हणून तो ज्वाळेवर ठेवत नाहीत. गोवऱ्यांचा जाळ बसू देतात आणि मग मंद विस्तवात पुरतात. भरताचं वांगं भाजतानाही हीच अक्कल लागते. कातडी जळली तरी चालेल, पण देठाजवळचा गर कच्चा राहता कामा नये. पक्षी भाजताना सगळी अडचण इथेच येते: बाहेर किती आणि आत किती. ज्या बाईनं रोडगे नीट भाजले, तिला कोंबडा भाजायला शिकवावं लागत नाही. तिला फक्त तो रस्स्यात न टाकण्याची परवानगी हवी असते.

चुलीची जागाही अनुकूल आहे. राजूरचा गणपती इथून जवळ. चतुर्थी पाळणारी, गळ्यात माळ असलेली माणसं घरोघर आहेत. म्हणून अनेक घरांत मांसाहार आतल्या चुलीवर होत नाही. त्याची चूल बाहेर, भांडी वेगळी, आणि पुष्कळदा रांधणारे हात पुरुषांचे. सोमवार, गुरुवार, शनिवार, चतुर्थी, एकादशी आणि अख्खा श्रावण वगळून जे दिवस उरतात, त्या दिवशी ही बाहेरची चूल पेटते. तीन दगड, मोकळी हवा, धूर जायला आभाळ. शहरातल्या सदनिकेत ज्याच्यासाठी धडपड करावी लागते ते इथे आपसूक आहे. आतल्या चुलीचा मान राखून बाहेर शिजवण्याची ही रीत मला मनापासून आवडते. एकाच घरात माळकरी सासरे आणि कोंबडी खाणारा नातू सुखानं नांदतात ते तिच्यामुळे.

जळणाबद्दल मात्र मी आग्रही आहे, आणि पुस्तकातलं सगळ्यात लांब प्रकरण त्यावरच आहे. बाभळीच्या लाकडाचे निखारे घट्ट पडतात आणि बराच वेळ टिकतात. या कामाला आपल्याकडे त्याहून चांगलं काही नाही. तुरीच्या तुराट्या भर्रकन पेटतात आणि विझतात. पिसं काढल्यावर अंगावर राहिलेली लव जाळायला त्या उत्तम, भाजायला निरुपयोगी. दाणे काढलेली मक्याची कणसं मधल्या आचेला बरी. कडुनिंबाचा धूर मांसाला कडवट करतो. पऱ्हाट्या आपल्याकडे ढिगानं असतात, पण कपाशीवर हंगामभर इतक्या फवारण्या झालेल्या असतात, की त्यांच्या धुरात उघडं अन्न धरायला माझं मन घेत नाही. त्यांनी पाणी तापवावं. आणि विस्तव पेटवायला रॉकेल किंवा डिझेल ओतू नये. तो वास पाल्याच्या वासाला गिळून टाकतो.

आता पक्षी. इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण शहरी पाककृतींमध्ये ती कधी येत नाही. कोवळी कोंबडी भाजायला चांगली हे खरं, पण आपल्याकडे कोवळी कोंबडी म्हणजे तलंग, म्हणजे अंड्यावर येऊ घातलेली, आणि ती कापायला घरातली बाई देणार नाही. गावात अंगणातल्या कोंबड्या बहुधा बाईच्या मालकीच्या असतात. अंड्यांचे पैसे तिचे, त्यातून लेकरांच्या वह्या आणि तिच्या बांगड्या येतात. तलंग कापणं म्हणजे पुढच्या वर्षभराची अंडी कापणं. म्हणून या पुस्तकातला पक्षी तलंग नाही, तरणा कोंबडा आहे. उबवणीतून निघालेल्या पिल्लांत निम्मे नर असतात, कळपाला मोठे नर लागतात एक किंवा दोन. बाकीचे चार-पाच महिन्यांचे होऊन आरवायला लागले, की आपसांत झुंजतात, कोंबड्यांना छळतात आणि फुकट दाणा खातात. तेव्हा त्यांचं वजन जिवंतपणी किलो-सव्वा किलोच्या आसपास असतं, साफ केल्यावर त्याच्या सत्तर टक्के उरतं. मांसाला चव आलेली असते, पण ते निबर झालेलं नसतं. भाजण्यासाठी हीच वेळ. वर्षाचा झालेला कोंबडा किंवा अंडी देऊन थकलेली कोंबडी निखाऱ्यावर टाकली तर चामड्यासारखी होते. तिच्या सांध्यांतला आणि स्नायूंतला चिवट भाग विरघळायला पाणी आणि दोन तासांची मंद आच हवी, म्हणजे रस्साच हवा. वयाचा हा भेद आपल्या आज्यांना नीट ठाऊक होता.

बाजारातला ब्रॉयलर पाच-सहा आठवड्यांत दोन किलोंचा होतो. तो कोवळा असतो, पण पाणचट. त्याला मीठ लावून जास्त वेळ ठेवावं लागतं, आणि दुकानदाराला सांगून एक-सव्वा किलोचा लहान पक्षी निवडून घ्यावा लागतो. आणखी एक सांगावं लागतं: कातडं काढू नको. आपल्याकडची दुकानं कोंबडी सोलून देतात, कारण रस्स्याला कातडं नको असतं. घरी कापलेल्या गावरान कोंबडीचं तसं नव्हतं. ती गरम पाण्यात बुडवून पिसं काढायची, जाळावर फिरवायची आणि हळद चोळायची, कातड्यासकट. भाजण्यासाठी हीच जुनी रीत योग्य आहे. कातड्याखालची चरबी वितळून मांसाला आतून ओलावा देते आणि वरचं कातडं कुरकुरीत होतं.

ज्या जातीच्या लहान पक्ष्यांवर पाश्चात्त्य घरांतली रात्रीची मेजवानी उभी आहे, त्यांचा आपल्याशी संबंध आहे, आणि तो इथल्या वाचकाला कळावा असं मला वाटतं. अमेरिकेत ‘कॉर्निश गेम हेन’ नावाचा छोटा पक्षी एका माणसाला एक याप्रमाणे भाजून वाढतात. १९५० च्या दशकात कनेटिकट राज्यातल्या मकाउस्की दांपत्यानं तो लोकप्रिय केला. त्याच्या मुळाशी इंग्लंडमधल्या कॉर्नवॉल परगण्यातली कॉर्निश जात आहे. त्या जातीचं जुनं नाव ‘इंडियन गेम’, कारण ती घडवताना भारतातून गेलेल्या असील कोंबड्यांचं रक्त वापरलं होतं. असील म्हणजे दख्खनेत झुंजीसाठी पाळला जाणारा, रुंद छातीचा, ताठ मानेचा कोंबडा. आज जगभर खाल्ल्या जाणाऱ्या ब्रॉयलरच्या छातीतही त्याच कॉर्निशचा वाटा आहे. कोंबडीचं पिवळं कातडंसुद्धा आपल्या बाजूचं निघालं. पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज तांबडा रानकोंबडा, पण कातड्याच्या पिवळेपणाचं जनुक तिला राखी रानकोंबड्याकडून आलं, असं २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात दिसलं. राखी रानकोंबडा हा सह्याद्रीच्या आणि दक्षिण भारताच्या जंगलांतला पक्षी. तेव्हा ताटातला भाजलेला पिवळसर पक्षी साहेबाचा, हा समज सोडून द्यायला हरकत नाही.

बटेरचं थोडं वेगळं आहे. ज्वारी-बाजरीच्या रानात फिरणारा लावा आणि तितर आपल्या म्हाताऱ्या माणसांनी खाल्लेले आहेत. चरकसंहितेत पायानं उकरून दाणे टिपणाऱ्या पक्ष्यांचा वेगळा वर्ग केला आहे, त्यात लाव्याची गणना आहे, आणि त्याचं मांस पचायला हलकं मानलं आहे. पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं हे रानपक्षी धरणं आणि विकणं बंद झालं आणि ते बंदच राहिलं पाहिजे. बांधावरची झुडपं गेली, फवारे वाढले, लाव्याचा आवाज शिवारात आधीच विरळ झाला आहे. उरलेल्यांना खाण्याचा मोह कुणी धरू नये. खायची ती पिंजऱ्यात वाढवलेली जपानी बटेर. १९७४ मध्ये ती अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियातून उत्तर प्रदेशात बरेलीजवळच्या इज्जतनगरला आणली गेली आणि तिथल्या संशोधकांनी ती भारतीय हवामानात रुळवली. पाच-सहा आठवड्यांत ती खाण्याजोगी होते, वजन दीडशे-दोनशे ग्रॅम. कोंबडीपेक्षा तिचं मांस गडद आणि चवीला ठसठशीत. एवढ्याशा पक्ष्याला आच फार लवकर लागते, म्हणून शिकणाऱ्यानं तिच्यापासून सुरुवात करावी. पंधरा मिनिटांत निकाल कळतो.

पाल्याच्या प्रकरणात मी सगळ्यात जास्त रमलो. इंग्रजी पुस्तकं रोझमेरी, थाइम, सेज सांगतात. ती पानं मोठ्या शहरांत महाग डब्यांत मिळतात, हसनाबादच्या बाजारात कुठून मिळणार? पण ती का घालतात हे समजून घेतलं तर ती लागतच नाहीत. थाइमच्या वासाचं मुख्य द्रव्य थायमॉल. तेच आपल्या ओव्यात असतं. वैदूंच्या दुकानात ओव्याचं फूल म्हणून जे पांढरे खडे मिळतात ते थायमॉलच. कुंडीत लावतात त्या जाड, लवदार पानाच्या ओव्यातही ते आणि त्याचं भावंड कार्व्हाक्रॉल असतं, आणि हेच कार्व्हाक्रॉल पिझ्झावरच्या ओरेगॅनोला त्याचा वास देतं. ओव्याची दहा-बारा पानं, चार पाकळ्या लसूण आणि मीठ एकत्र ठेचून कोंबड्याच्या कातड्याखाली भरलं, की युरोपातला स्वयंपाकी जे शोधतो ते आपल्या कुंडीतून मिळालं.

पाल्याचे दोन स्वभाव असतात, हे मात्र ओळखावं लागतं. कढीपत्ता, ओव्याचं पान, गवती चहा, लिंबाची आणि मोसंबीची पानं आच सोसतात. त्यांचा वास तेलात उतरतो आणि टिकतो. कोथिंबीर, पुदिना, लसणाची पात, शेपू यांचा वास उडून जाणारा. ती निखाऱ्यावर तासभर ठेवली तर काळा चोथा हाती येतो. म्हणून सोसणारा पाला पक्ष्याच्या आत आणि कातड्याखाली जातो. उडून जाणारा पाला निम्मा वाटणात, निम्मा पक्षी उतरवल्यावर, कच्चाच, लिंबू आणि मिठाबरोबर वरून. वाटण कातड्याच्या वर थापलं तर आधी तेच करपतं. हॉटेलातल्या हिरव्या कबाबांचा जो कडवटपणा लोक मसाल्याच्या माथी मारतात तो या करपलेल्या पाल्याचा असतो.

भोकरदन तालुका हिरव्या मिरचीचा. पिंपळगाव रेणुकाईच्या मिरचीबाजाराचं नाव दूरवर आहे. शेजारच्या सिल्लोड, फुलंब्री, कन्नडच्या बाजूला अद्रक पिकतं. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. या तिघांना एकत्र आणणारा पदार्थ आपल्याकडे नाही, आणि तो असावा ही माझी इच्छा आहे. मोसंबीचा रस गोडसर, आंबटपणा कमी. त्यानं मांस मऊ करण्याचं काम होत नाही, ते लिंबावरच सोपवावं. मोसंबीची खरी दौलत तिच्या सालीत आहे. वरची हिरवी-पिवळी साल बारीक किसणीवर किसायची, पांढरा भाग कडू म्हणून सोडायचा. तो कीस, ठेचलेली हिरवी मिरची, अद्रक आणि मीठ हे वाटण तरण्या कोंबड्यावर इतकं छान बसतं, की एकदा खाल्लेल्या माणसाला काळ्या मसाल्याची आठवण येत नाही. रस शेवटच्या दहा मिनिटांत वरून सोडायचा. आधी सोडला तर त्यातली साखर जळते.

हिरव्या पाल्यात कोंबडी भाजणारे आपण पहिले नाही, हे सांगायला मला आनंद होतो. रायगड जिल्ह्यात, अलिबागच्या परिसरात, डिसेंबर ते फेब्रुवारीत पोपटी लावतात. मडक्याच्या तळाशी आणि कडांना भांबुर्ड्याचा पाला, त्यात वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, अंडी, बटाटे आणि कोंबडी. तोंडही त्याच पाल्यानं घट्ट बंद करायचं. मडकं उलटं ठेवून भोवती पेंढा आणि काटक्या पेटवायच्या. पाण्याचा थेंब नाही, तेलाचा नाही. पाल्यातला आणि शेंगांतला ओलावाच वाफ होतो आणि भांबुर्ड्याचा उग्र वास सगळ्यांत मुरतो. शेतात, रात्री, शेकोटीभोवती. आपल्या हुरड्याची ही सख्खी बहीण आहे. भांबुर्डा कोकणाबाहेरही ओसाड जागी उगवतो, पण अनोळखी रानपाला ओळखणाऱ्याशिवाय कुणी तोडू नये. त्याच्या जागी कढीपत्त्याच्या डहाळ्या आणि शेवग्याचा पाला घालून मडक्याचं एक रूप या पुस्तकात दिलं आहे.

गोव्याचं काफ्रियाल दुसऱ्या वाटेनं आलं. कोथिंबीर, हिरवी मिरची, अद्रक, लसूण, मिरी यांच्या हिरव्या वाटणात मुरवलेली कोंबडी. ती पोर्तुगीजांच्या आफ्रिकेतल्या वसाहतींतून, मोझांबिकच्या बाजूनं आली असं मानतात. १७५२ पर्यंत मोझांबिकचा कारभार गोव्यातूनच चाले, तेव्हा माणसं आणि चवी एका गलबतातून येत-जात असणार यात नवल नाही. आणि त्याच्याही कितीतरी आधी, कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा यानं ११२९ च्या सुमारास सिद्ध केलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात, मसाल्यात मुरवलेलं मांस शूलावर खोवून निखाऱ्यांवर भाजण्याचा प्रकार आहे. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, मराठवाड्याच्या सीमेला लागून. श्रीगोंदेकरांनी संपादित केलेला हा ग्रंथ बडोद्याच्या गायकवाड ओरिएंटल सिरीजमध्ये छापलेला आहे. राजाच्या स्वयंपाकघरातली ही गोष्ट गावच्या चुलीवर पोहोचली नाही, याचं कारण वर आलंच आहे: राजाला ताटं मोजावी लागत नव्हती.

आता कृतीविषयी, पण थोडकं, कारण मापं आतल्या पानांत आहेत.

तीन गोष्टींवर सगळं ठरतं: मीठ, कोरडेपणा, आणि सपाटी. साफ केलेल्या पक्ष्याला किलोला दहा ग्रॅम मीठ आदल्या रात्री सर्वांगाला चोळून फ्रिजमध्ये उघडा ठेवायचा. मीठ आधी पाणी बाहेर काढतं, मग तेच खारं पाणी मांसात परत शिरतं, आणि भाजताना ओलावा धरून ठेवतं. फ्रिज नसेल तर तासाभराहून जास्त बाहेर ठेवू नये. कातडं फडक्यानं टिपून कोरडं करायचं, कारण ओल्या कातड्यावर आच आधी पाणी उडवण्यात खर्च होते. तपकिरी रंग आणि भाजल्याचा वास ज्या क्रियेतून येतो, ती साधारण १४० अंश सेल्सिअसच्या वर जोर धरते, आणि पाणी असेपर्यंत कातडं १०० अंशांच्या पुढे जात नाही. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मायार यांनी १९१२ मध्ये या क्रियेचं वर्णन केलं. दही लावून भाजण्याची सवय इथे आड येते. दह्यानं मांस मऊ होतं, पण कातडं ओलं राहतं. ज्याला दही हवंच त्यानं कातडं काढून, तुकडे करून भाजावेत. तो पदार्थही चांगला, पण वेगळा. कच्ची पपई लहान पक्ष्याला अजिबात लावू नये. मांस पिठूळ होतं.

सपाटी म्हणजे पाठीचा कणा दोन्ही बाजूंनी कात्रीनं कापून काढायचा, पक्षी उताणा करून छातीवर तळहातानं दाबायचं, म्हणजे मांड्या आणि छाती एका पातळीत येतात. अख्ख्या गोल पक्ष्याची छाती मांडीच्या आधी शिजते आणि मांडी होईपर्यंत सुकून जाते. सपाट केल्यावर ही तक्रार उरत नाही, आणि वेळही जवळजवळ निम्मा लागतो.

निखारे एका बाजूला ओढायचे, पक्षी जाळीवर दुसऱ्या बाजूला, कातडं वर. त्यावर जाड लोखंडी कढई पालथी घालायची, आणि कढईच्या पाठीवर थोडे निखारे. जस्ताचा मुलामा असलेलं भांडं यासाठी वापरू नये. तापलं की त्याचा धूर घातक असतो. सातशे-आठशे ग्रॅमचा सपाट पक्षी पाऊण तासाच्या आसपास होतो. शेवटची पाच मिनिटं कातडं खाली करून थेट निखाऱ्यावर. अंगण नसलेल्यांसाठी २०० अंशांवरचा छोटा ओव्हन, नाहीतर तळाशी मीठ पसरलेला, शिट्टी आणि रबर काढलेला जुना कुकर, ज्यात आपण केक भाजतो. कुकरात कातडं कुरकुरीत होत नाही, ते नंतर तव्यावर करून घ्यावं लागतं.

झाला की नाही हे मांडीच्या सांध्याशी टोचून पाहायचं. रस स्वच्छ हवा, गुलाबी नको. तापमापक असेल तर तिथे ७४ अंश. याबाबतीत सवलत नाही. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला, लाखो कोंबड्या माराव्या लागल्या आणि त्या भीतीत राज्यभर लोकांनी कोंबडी सोडली. पूर्ण शिजवलेल्या मांसात तो विषाणू जगत नाही, हे तेव्हा पुन्हा पुन्हा सांगावं लागलं होतं. उतरवल्यावर दहा मिनिटं पक्ष्याला हात लावायचा नाही, म्हणजे रस मांसात बसतो आणि सुरी लावल्यावर परातीत वाहून जात नाही.

रस्स्यावाचून जेवण कोरडं लागेल, ही तक्रार मी नेहमी ऐकतो आणि ती रास्त आहे. तिचं उत्तरही पक्ष्यातच आहे. काढलेला कणा, मान, पंखांची टोकं आणि पाय फेकायचे नसतात. पक्षी भाजत असतो तेव्हा बाजूच्या चुलीवर ते हळद, मीठ, अद्रक घालून उकळायचे. ही अळणी. लेकरं आणि आजी आधी ती पितात, उरलेल्या अळणीत जाळीखालच्या ताटलीत गळलेला रस मिसळून ज्याला हवी त्यानं भाकरी चुरावी. कलेजी आणि पेटा काडीला टोचून आधीच निखाऱ्यावर धरायचा. तो विस्तव सांभाळणाऱ्याचा हक्क आहे आणि तो कुणी हिरावू नये. ताटात ज्वारीची भाकरी, कांदा, मोसंबीच्या फोडी, शेंगदाणे न घातलेला नुसता हिरवा ठेचा. भात असला तर असला.

या पुस्तकातली सगळी मापं चार ताटांची आहेत. पहिली सात प्रकरणं विस्तव, पक्षी, मीठ आणि पाला यांची, त्यानंतर कृती. बटेर आधी, मग लहान ब्रॉयलर, मग अंगणातला तरणा कोंबडा, शेवटी मडक्यातले प्रकार. घरी अंगण असेल तर हिवाळ्यात सुरुवात करावी. तेव्हा हवा कोरडी असते, ओवा आणि कोथिंबीर जोरात असते, हुरड्याची आगटी पेटलेलीच असते. कणसं काढून झाल्यावर त्या राखेखाली जो विस्तव उरतो, तो दोन बटेर भाजायला पुरतो.